शिफ्ट कोणती, भिंत केवढी? घरात प्रोजेक्टर बसवण्याआधी

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की निगडीपासून चाकणपर्यंत अनेक घरांत मोठ्या पडद्याचा विषय निघतो. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो बजेटचा, दुसरा ल्युमेनचा. मग १५० इंची चित्राची स्वप्नं बघत खोकं घरी येतं आणि तिथं कळतं की पंख्याची पाती चित्रात येतायत, केबल तीन फूट आखूड पडतीय आणि दुपारी हिरोचा चेहरा सोडून काही दिसत नाही. प्रोजेक्टर दुकानात ठरवायची वस्तू नाही. तो तुमच्या हॉलमध्ये, मेझर टेप हातात घेऊन ठरवायचा असतो. खरेदीआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: आपण सिनेमा बघणार कधी, आणि चित्र पडणार कुठे?

आधी शिफ्ट बघा

औद्योगिक पट्ट्यातल्या घरांचा दिवस इतर शहरांसारखा नसतो. फर्स्ट शिफ्टचा माणूस दुपारी चार-साडेचारला घरी येतो, सेकंड शिफ्टवाला मध्यरात्रीनंतर, आणि थर्ड शिफ्टवाल्याला मोकळा वेळ मिळतो तो झोप काढून झाल्यावर, दुपारी. बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे आपल्याकडे भर दिवसा सिनेमा बघणारी घरं पुष्कळ, आणि प्रोजेक्टरचा खरा वैरी दिवसाचा उजेडच.

कारण साधं आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे जिथे तो उजेड टाकत नाही तो भाग. प्रोजेक्टर बंद असताना तुमची भिंत जितकी उजळ दिसते, त्याहून गडद काळा सिनेमात कधीच दिसणार नाही. बाल्कनीचं सरकतं दार उघडं ठेवून तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर लावला तरी रात्रीचे प्रसंग धुतल्यासारखेच दिसतील.

उलट अंधार असेल तर उजेड किती कमी लागतो ते बघा. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. सिनेमागृहातल्या पडद्याचा उजेड साधारण १४ ते १६ फूट-लँबर्ट ठेवतात. ३० गुणिले १६ केलं तर हिशेब ५०० ल्युमेनच्याही आत येतो. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी मुलांना हाताशी धरून १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर हलताना दाखवणारे ते खेळ आजच्या कोणत्याही प्रोजेक्टरच्या मानाने मिणमिणत्या दिव्यावरच रंगले. अंधार निम्मं काम करतो, ते आजही तसंच आहे.

अर्थात पाचशेवर थांबू नका. रंग बरे दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये पत्रकातल्या आकड्यापेक्षा बराच कमी उजेड मिळतो, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरचा उजेड वापराने निम्म्यापर्यंत उतरतो. रात्रीच बघणार असाल तर खरे हजार ते दीड हजार ल्युमेन पुरेत. दुपारी बघायचं असेल तर अडीच-तीन हजारांच्या पुढे जा, पण त्याआधी ब्लॅकआउट पडदे शिवून घ्या. ते खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जायला हवेत आणि वर पेल्मेट हवा, नाहीतर फटीतून येणारी उन्हाची एक पट्टीसुद्धा चित्र बिघडवते. दुपारचं बघणं रोजचंच असेल आणि पडदे ओढून बसणं घरात कुणाला मान्य नसेल, तर प्रोजेक्टरचा नाद सोडा. त्या घराला मोठा टीव्हीच बरा.

मग भिंत मोजा

चित्राचा आकार इंचात सांगतात तो कर्णाचा. भिंतीला लागते ती रुंदी आणि उंची. १६:९ चित्राचे हे आकडे वहीत उतरवून ठेवा:

- ८० इंच: रुंदी ७० इंच, उंची ३९ इंच
- १०० इंच: रुंदी ८७ इंच, उंची ४९ इंच
- १२० इंच: रुंदी १०५ इंच, उंची ५९ इंच

वाकड, रावेत, मोशीकडच्या टू बीएचकेचा हॉल साधारण दहा फूट रुंद आणि पंधरा-सोळा फूट लांब असतो. लांबीच्या एका टोकाला बाल्कनी, म्हणून टीव्हीची भिंत लांब बाजूला आणि सोफा तिच्या समोर. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे भिंतीपासून आठ-साडेआठ फुटांवर येतात. बसण्याचं अंतर कर्णाच्या १.२ ते १.६ पट असावं, असा ढोबळ नियम आहे. ८० इंचाची १.२ पट म्हणजे ९६ इंच, बरोबर आठ फूट. तेव्हा दहा फुटी हॉलला ८० ते ८५ इंचांचं चित्र शोभतं. तिथे १२० इंच लावलं तर क्रिकेटचा स्कोअर बघायला मान वळवावी लागेल. चित्र हॉलच्या लांबीकडे टाकता आलं, म्हणजे बाल्कनीसमोरची भिंत मोकळी असली, तर १०० ते १२० इंचांचा विचार करा.

आकार पक्का करण्याचा सोपा उपाय आहे. रंगारी वापरतात ती मास्किंग टेप आणा आणि भिंतीवर चित्राच्या मापाचा चौकोन चिकटवा. खालची कड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवा. आठवडाभर तो तसाच राहू द्या. स्विचबोर्ड, दाराची चौकट, देवघराची फळी, एसीचं युनिट, कशाकशाची अडचण होते ते आपोआप कळेल.

प्रोजेक्टर किती लांब?

प्रत्येक प्रोजेक्टरच्या पत्रकात ‘थ्रो रेशो’ छापलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्याने गुणलं की भिंतीपासून लेन्सचं अंतर मिळतं. रेशो १.२ असेल तर १०० इंची चित्रासाठी ८७ गुणिले १.२, म्हणजे १०४ इंच, पावणेनऊ फुटांच्या जरा आत. रेशो १.५ असेल तर जवळजवळ अकरा फूट. दहा फुटी हॉलमध्ये मागच्या भिंतीला प्रोजेक्टरचा फूटभर देह आणि केबल वळवायला सहा इंच सोडले, तर लेन्सला उरतात साडेआठ फूट. म्हणजे १.५ रेशोचा प्रोजेक्टर इथे ८० इंचांच्या आतच अडकेल. दुकानदाराने कितीही छातीठोकपणे ‘दोनशे इंच जातंय’ म्हटलं तरी ते दोनशे इंच तुमच्या हॉलमध्ये मावत नाहीत.

जागा कमी असेल तर शॉर्ट थ्रो घ्या. ०.५ रेशोला १०० इंचांसाठी पावणेचार फूट पुरतात. अल्ट्रा शॉर्ट थ्रो भिंतीलगत टीव्ही युनिटवरच बसतो. पण ०.२५ रेशोलाही लेन्स भिंतीपासून २२ इंचांवर यावी लागते, आणि आपलं युनिट बहुधा पंधरा-सोळा इंच खोल असतं. सुताराला बोलावण्याआधी कंपनीचा अंतराचा तक्ता बघा. या प्रकाराला भिंतीचा खडबडीतपणाही अजिबात खपत नाही. उजेड खालून तिरका येत असल्याने पुट्टीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

आता पंखा. आपल्याकडच्या हॉलमध्ये तो नेमका मध्यभागी, स्लॅबपासून फूटभर खाली लटकलेला असतो. प्रोजेक्टर स्लॅबला चिकटवून मागे लावला तर उजेडाचा झोत पात्यांतूनच जातो. एक दोरी घ्या. तिचं एक टोक लेन्सच्या जागी धरायला सांगा आणि दुसरं टोक चित्राच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना आळीपाळीने लावा. दोरी पात्यांच्या खालून वीतभर अंतराने गेली पाहिजे. जात नसेल तर लेन्स पंख्याच्या पात्यांखाली आणा, किंवा पंख्याच्या पुढे शॉर्ट थ्रो लावा, किंवा मधला पंखा काढून बाजूला दोन छोटे पंखे घ्या. हे भोक पाडण्याआधी ठरतं, नंतर नाही.

पत्रकातले चार आकडे

ल्युमेनचा आकडा ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ असा स्पष्ट लिहिलेला हवा. नुसते ‘१२,००० ल्युमेन’ लिहिलेल्या स्वस्त डब्यातून खरे काही शेच निघतात. रेझोल्यूशन ‘नेटिव्ह’ किती ते विचारा. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ आत फोर-के सिग्नल जातो इतकाच. पडद्यावर ७२० किंवा त्याहून कमी ओळीच दिसत असतील. तिसरा आकडा आवाजाचा: प्रोजेक्टर डोक्यावर टांगणार असाल तर त्याच्या आतला पंखा ३० डेसिबलच्या आत हवा. चौथा, उजेडाच्या स्रोताचं आयुष्य. दिव्याचे चार-सहा हजार तास असतात, लेझरचे साधारण वीस हजार. रोज तीन तास बघितलं तर वीस हजार तास अठरा वर्षं पुरतात.

डीएलपी प्रकारात काहींना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्य चमकल्यासारखं दिसतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना दुकानात एकदा दाखवा. अँड्रॉइड प्रोजेक्टरमध्ये नेटफ्लिक्स अधिकृतपणे चालतं का, हेही तिथेच विचारा. चालत नसेल तर एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक हाच सरळ मार्ग.

भोक पाडताना

कंपनीत मशिनची लेव्हल सुतासुतात बघणारा माणूस घरी मात्र ‘इथे असंच बरं दिसतंय’ म्हणून ड्रिल चालवतो. तेच शिस्तीचं डोकं घरीही वापरा. चित्राच्या रुंदीचा मध्य काढा, ओळंब्याने तो छतावर न्या आणि लेन्सचा मध्य त्या रेषेवर आणा. लक्षात घ्या, पुष्कळ प्रोजेक्टरमध्ये लेन्स बॉडीच्या मधोमध नसते. मध्य जुळवायचा तो लेन्सचा, डब्याचा नाही.

प्रोजेक्टर उंचीलाही भिंतीशी काटकोनात ठेवा. तिरका लावून रिमोटने कीस्टोन दुरुस्ती करता येते, पण त्यात चित्राचे काही पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं मऊ पडतात. लेन्स शिफ्ट असेल तर चित्र न बिघडवता वर-खाली सरकतं. पैसे जास्त मोजायचेच असतील तर ल्युमेनपेक्षा लेन्स शिफ्टसाठी मोजा.

पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर वजन देऊ नका. त्याला भोक पाडून वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारा आणि पाईपने स्टँड खाली आणा. पाईप जितका लांब तितकं चित्र थरथरतं. पंखा पाचवर गेला की सबटायटल नाचू लागतात. दोन फुटांपेक्षा लांब पाईप असेल तर त्याला आडवा आधार द्या. नव्या टॉवरमध्ये मिवान शटरिंगच्या भिंती असतात, त्या पूर्ण काँक्रीटच्या. तिथे वायरसाठी झिरी मारू नका, आतल्या सळ्या उघड्या पडतात आणि सोसायटीही परवानगी देत नाही. पांढरी केसिंग पट्टी भिंतीच्या कोपऱ्यातून नेली तर दिसतही नाही. निगडी प्राधिकरणातल्या जुन्या विटांच्या घरांत झिरी चालते.

भिंतीचाच पडदा करणार असाल तर पॉलिश पेपरने घासून मॅट पांढरा रंग द्या, चमक असलेला इमल्शन नको. रंगाआधी रात्री भिंतीच्या कडेला टॉर्च टेकवून धरा. तिरक्या उजेडात उंचवटे आणि खळगे उघडे पडतात. छतालाही चकाकणारा रंग नको. चित्राचाच उजेड छतावरून परतून चित्रावर पडतो.

केबल आणि जोडणी

हॉल दहा फूट रुंद म्हणून लोक पाच मीटरची एचडीएमआय केबल आणतात. प्रत्यक्षात ती टीव्ही युनिटमधून सात फूट वर चढते, छतावरून दहा फूट जाते, पुन्हा दोन फूट उतरते, आणि दोन्हीकडे थोडी ढिली लागते. बेरीज बावीस-पंचवीस फुटांची, म्हणजे सात-साडेसात मीटर. फोर-के ६० फ्रेमचा सिग्नल तांब्याच्या केबलने पाच मीटरपर्यंत निर्धास्त जातो, पुढे चित्र मधूनच काळं होतं. तेव्हा दहा मीटरची ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एक टोक ‘सोर्स’, दुसरं ‘डिस्प्ले’. उलटी ओढली तर सगळं पुन्हा काढावं लागतं, म्हणून पाईपमध्ये घालण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. फुल एचडीच बघणार असाल तर तांब्याची चांगली केबल दहा मीटरपर्यंत चालते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबली, आवाज वेगळा काढणारे ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, जोडण्या सगळं एका फेरीत मिळतं.

एचडीएमआयचं डोकं रुंद असतं, २५ मिलिमीटरच्या पाईपमधून ते बहुधा जात नाही. पाईप ३२ किंवा ४० मिलिमीटरचा घ्या, वळणावर एल्बोऐवजी लांब बेंड वापरा आणि आत एक ओढणीची तार कायमची ठेवून द्या. विजेची वायर वेगळ्या पाईपमधून न्या. प्रोजेक्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचं अर्थिंग एकाच बोर्डावरून घेतलं तर स्पीकरमधली गुणगुण टळते.

जोडणीचा क्रम असा ठेवा. सेट टॉप बॉक्स, स्टिक, गेम कन्सोल ही सगळी खालच्या युनिटमध्ये साउंडबारला किंवा एव्ही रिसीव्हरला जोडा आणि त्याच्या ‘आउट’मधून एकच केबल प्रोजेक्टरला न्या. आवाज खालीच राहतो, चित्र वर जातं. साउंडबारला एचडीएमआय ‘इन’ नसेल, फक्त ‘एआरसी’ (त्याच केबलने आवाज परत आणायची सोय) असेल, तर स्टिक प्रोजेक्टरला लावा आणि त्याच्या एआरसीमधून आवाज खाली आणा. प्रोजेक्टरलाही एआरसी नसेल तर मध्ये ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर बसवा. ब्लूटूथवर विसंबू नका, ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो. जुना रिसीव्हर असेल तर तो एचडीसीपी २.२ हा कॉपी-संरक्षणाचा नियम पाळतो का ते बघा, नाहीतर फोर-के ऐवजी काळा पडदा किंवा कमी दर्जाचं चित्र मिळेल.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस हवाच. लाईट अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा दिवसही आपल्याकडे बहुधा गुरुवारच, म्हणजे ऐन सुट्टीचा. लेझर आणि एलईडीला हा धोका कमी, पण व्होल्टेजच्या उसळीपासून बचाव त्यांनाही लागतोच.

पहिल्या रात्रीची सेटिंग

प्रोजेक्टर उलटा टांगला असेल तर मेनूत ‘फ्रंट सीलिंग’ निवडा. अर्धा तास चालू ठेवून, तापू देऊन मगच फोकस करा. फोकस मधोमध न बघता चारही कोपऱ्यांतल्या अक्षरांवर बघा. ‘डायनॅमिक’ मोड दुकानासाठी असतो, त्यात चेहरे हिरवट दिसतात. घरी ‘सिनेमा’ ठेवा. शार्पनेस कमी करा. सेट टॉप बॉक्सचं आउटपुट आपोआप न ठेवता प्रोजेक्टरच्या नेटिव्ह रेझोल्यूशनवर बांधा. मुलं खेळणार असतील तर त्या इनपुटला ‘गेम’ मोड द्या.

आवाजाचं सेटिंग शेजाऱ्यांना धरून करा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण आपल्या सोसायटीत दुपारी दोन वाजताही वरच्या मजल्यावर थर्ड शिफ्ट करून आलेला कुणीतरी झोपलेला असतो. सबवूफर भिंतीपासून जरा लांब ठेवा, खाली जाड रबर किंवा फोम घाला. स्पीकरपेक्षा त्याचाच धक्का स्लॅबमधून जातो. साउंडबारवरचा ‘नाईट मोड’ स्फोट दाबतो आणि संवाद वर आणतो. सेकंड शिफ्टहून आलेल्या माणसाने तो लावूनच बसावं.

धूळ आणि ऊन

भोसरी, तळवडे, चाकणच्या रस्त्यांची आणि आजूबाजूच्या बांधकामांची धूळ महिन्याभरात फिल्टरवर दिसते. फिल्टर असेल तर महिन्याला काढा, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. वर्कशॉपमधून कॉम्प्रेसरची गन आणून मारण्याचा मोह टाळा. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, ते लेन्सवर कायमचे बसतात. हाताचा रबरी ब्लोअर पुरे. प्रोजेक्टरच्या पंख्याच्या जाळीभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा. बहुतेक घरगुती प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅबलगतची हवा तितकी सहज तापते, तेव्हा एसी किंवा एक्झॉस्ट लावूनच सिनेमा सुरू करा. पावसाळ्यात गुंडाळीचा पडदा आठवड्यातून एकदा उघडून ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात.

पैसे देण्याआधी

एकूण रकमेचा चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा: पडदे, स्टँड, केबल, पाईप, कारागिराची मजुरी. हा हिस्सा प्रोजेक्टरमध्ये घातला की पुढे सगळीकडे काटकसर होते आणि महागडा प्रोजेक्टर स्वस्त केबलवर लटकतो.

बसवून झालं की कारागीर घरात असतानाच या पाच गोष्टी तपासा:

१. पंखा पूर्ण वेगात ठेवून सबटायटल वाचा. अक्षरं थरथरली तर स्टँड पुन्हा आवळायला सांगा.
२. जास्तीत जास्त रेझोल्यूशनचा सिनेमा अर्धा तास चालवा. एकदाही चित्र लुकलुकलं तर केबल बदला.
३. प्रोजेक्टर रीतसर बंद करून मेन स्विच बंद-चालू करा. पुन्हा सुरू केल्यावर चित्र आणि आवाज दोन्ही परत यायला हवेत.
४. बातम्या लावून निवेदकाचे ओठ आणि आवाज जुळतात का बघा. जुळत नसतील तर ऑडिओ डिलेने जुळवा.
५. फॉल्स सीलिंग किंवा पट्टी बंद करण्याआधी सगळ्या वायरिंगचे फोटो काढा आणि केबलच्या दोन्ही टोकांना नावाच्या चिठ्ठ्या लावा.

पाचही गोष्टी मनासारख्या झाल्यावरच उरलेले पैसे चुकते करा. एकदा शिडी खाली उतरली की त्याच माणसाला परत बोलावताना पुढचा गुरुवार उजाडतो.